पंचनाम्यात नसलेली तुळस

ती दुपार अजूनही माझ्या मनातून जात नाही. घाटकोपरच्या एका चित्रपटगृहात, भरल्या खेळात, मी बंदोबस्ताला उभा होतो. तिथे मला कळलं की खुनाच्या गुन्ह्यात आम्ही आत टाकलेला माणूस खुनी नाही, आणि या चुकीत माझाही हात आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी आजरा तालुक्यातला. वडील लवकर गेले आणि शाळा सातवीला सुटली. मुंबईत ओळखीचं कोणी नव्हतं. पोलीस भरतीत उंचीने निवडलो गेलो आणि अक्षर बरं होतं म्हणून ठाण्यात टिकलो. साहेब सांगायचे, मी लिहायचो. सातवीतून उठलेल्या पोराला या खात्याने पेन दिलं, राहायला पोलीस लाइनीत खोली दिली, पोरांना शाळा दिली. ते उपकार मी मानतोच. पण उपकाराबरोबर भीतीही येते. काही चुकलं तर हे सगळं जाईल, हे भय निवृत्त होईपर्यंत माझ्या खिशात शिट्टीसारखं असायचं.

गुन्हा ऐंशीच्या दशकातला. नावं कोणाचीच देत नाही, ठाण्याचंही नाही. विक्रोळीला खाडीच्या बाजूला चाळींची एक रांग होती आणि मागे तिवरांची झाडी. दुपारी तीनच्या सुमारास एक बाई वाळलेले कपडे काढायला चाळीमागे गेली, तेव्हा तिला प्रेत दिसलं. पुरुष, वय चाळीसच्या आतबाहेर, पोटात आणि छातीत जखमा. कोकणातला माणूस. गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्याला एका वर्कशॉपात लागलेला. बायको गावी विहिरीत पडून वारलेली. इथे एकटाच राहायचा.

मी घटनास्थळाचा पंचनामा लिहायला बसलो. पंचनामा म्हणजे जागेवर जे दिसतं ते दोन पंचांसमोर जसंच्या तसं लिहून काढायचं. तेव्हाचे फौजदार घाईत होते. मी प्रेताची दिशा लिहिली, कपडे लिहिले, चपला लिहिल्या. चेहरा बघायला वाकलो तर ओठांवर तुळशीचं पान होतं. हनुवटीखाली माती ओली, आणि बाजूला पालथी पडलेली नारळाची करवंटी.

हे मी लिहिलं नाही.

का नाही लिहिलं, ते सांगतो. दहा पावलांवर चाळीचं तुळशीवृंदावन होतं. भोवती वीस-पंचवीस माणसं जमलेली. मला वाटलं, यातल्याच कुणीतरी मेलेल्याच्या मुखात पाणी घातलं असेल. आपल्याकडे घालतातच. मला ते बरंही वाटलं, की मुंबईत एवढी माणुसकी शिल्लक आहे. पंचनाम्यात गुन्हेगाराने केलेलं लिहायचं, शेजाऱ्यांनी केलेलं कशाला, असा माझा हिशेब.

दोन दिवसांत आरोपी मिळाला. त्याला मी दादा म्हणतो, कारण वस्तीही त्याला तेच म्हणायची. नळावर दादागिरी, दारू, मारामारी, आमच्या नोंदवहीत त्याचं पान भरलेलं. मयताशी त्याचं नळावरून भांडण झालं होतं आणि "तुला खाडीत गाडीन" असं तो चार लोकांसमोर बोलला होता. हा जबाब दिला मयताच्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या सख्ख्या भावाने. तोच प्रेत ताब्यात घ्यायला आला, त्यानेच अग्नी दिला. दादाने आठ दिवस नाही म्हटलं, नवव्या दिवशी हो म्हटलं. तेव्हा माणसं हो कशी म्हणायची हे वाचकांना सांगायला नको. त्याच्या झोपडीतून सुरा 'हस्तगत' झाला. तो पंचनामा मी लिहिला नाही, पण तो कसा झाला हे ठाण्यात सगळ्यांना माहीत होतं. मीही गप्प बसलो. दोषारोपपत्र गेलं, दादा तुरुंगात गेला.

दर सोमवारी त्याची बायको ठाण्यात यायची, तारीख विचारायला. तिला वाचता येत नव्हतं. कागद माझ्यापुढे धरायची.

"काय लिवलंय, भाऊ?"

"पुढची तारीख लिहिली आहे."

"फाशी देतील का वो?"

"तसं लगेच नसतं काही."

"माझा नवरा चांगला नाय, मला ठाव आहे. मलाच किती मारलंय. पण हे त्यानं केलं नाय. केलं असतं तर चार ठिकाणी फुशारकी मारली असती."

मी तारीख वाचून दाखवायचो आणि मान खाली घालायचो. तिच्या बोलण्यात तथ्य आहे हे कळत होतं. पण आरोपीच्या बायकोचं खरं मानायला लागलो तर ठाणं कसं चालायचं?

असं दीड वर्ष गेलं.

त्याच काळात तो मोठा सिनेमा आला. गिरणगावातल्या एका पोराचा टोळीचा म्होरक्या होतो, त्याची वीस वर्षांची गोष्ट. सव्वातीन तास लांब. दोन वर्षं त्याचं शूटिंग चालू होतं. साकीनाक्याच्या एका बंद कारखान्याची शेड त्यांनी भाड्याने घेऊन आत अख्खी गिरणी उभी केली होती. गर्दीची कामं करायला खरेखुरे गिरणी कामगार घेतले होते. सिनेमा लागला आणि उपनगरं वेडी झाली. पोरं नायकासारखी शर्टाची बटणं उघडी टाकून फिरायला लागली. वर्तमानपत्रात रोज पत्रं येत, कुणी म्हणे हे महाकाव्य आहे, कुणी म्हणे तरुण पिढी बिघडवणार. एका महिला मंडळाने मोर्चा काढला. तिकीटबारीवर डोकी फुटली, म्हणून आम्हाला बंदोबस्त.

बंदोबस्ताच्या तिसऱ्या दिवशी मॅटिनीला माझी ड्युटी आत होती. मध्यंतरानंतर नायक आपल्या लहानपणच्या दोस्ताला स्वतःच्या हाताने मारतो. फुकटात बघायला मिळतंय म्हणून मीही बघत होतो. दोस्त खाली पडतो. नायक दोन पावलं जातो, थांबतो, परत येतो. मग पडद्यावर फक्त हात दिसतात. पितळी तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतात, मरणाऱ्याच्या तोंडात सोडतात आणि ओठांवर तुळशीचं पान ठेवतात.

थिएटरात चिडीचूप. एरवी शिट्ट्या मारणारं पब्लिक नाक ओढत होतं. मी खिळून राहिलो तो त्या पानामुळे. ते ओठांवर आडवं ठेवलं होतं, देठ उजवीकडे. मी बघितलेलं पान तसंच होतं.

डोअरकीपर जवळ येऊन म्हणाला, "काय हवालदार, तुम्ही पण? बसा जरा पायरीवर. काल एक इन्स्पेक्टर रडला इथे."

"हे हात हिरोचे आहेत का रे?" मी विचारलं.

"कोणाला काय पडलंय हाताचं. सीन बघा ना, झकास आहे."

पण ते हात हिरोचे नव्हते. आधीच्या दृश्यात हिरोच्या बोटात अंगठी होती, नखं स्वच्छ होती. हे हात काळपट होते आणि डाव्या तर्जनीचं शेवटचं पेर नव्हतं. मशिनीत गेलेलं बोट तसं दिसतं. मी गिरणी भागात ड्युटी केलेली आहे, अशी बोटं पुष्कळ बघितली आहेत.

घरी गेलो, जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "ताप आहे का?" खटला पुढच्या महिन्यात सत्र न्यायालयात उभा राहणार होता. मी तोंड उघडलं तर पंचनामा अर्धवट लिहिला हे माझ्यावर शेकणार. नाही उघडलं तर दादा जन्मठेपेला नाहीतर फासावर. लाइनीतली खोली, मुलांची शाळा सगळं डोळ्यांसमोर आलं. सकाळी वर्दी चढवली तेव्हाही माझं ठरलं नव्हतं. ठाण्यात शिरलो तर बाकावर दादाची बायको बसलेली, हातात कागद. सोमवार होता. मी तिच्याजवळ न थांबता सरळ साहेबांच्या खोलीत गेलो.

साहेब नवे होते, तीन महिन्यांपूर्वी बदलून आलेले. कमी बोलणारे. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"हे पंचनाम्यात आहे का?"

"नाही, साहेब."

"का नाही?"

"मला वाटलं शेजाऱ्यांपैकी कुणी ठेवलं."

"विचारलंत कुणाला?"

"नाही, साहेब."

ते बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. मला वाटलं, संपलं. मग म्हणाले, "मग आता विचारा. साध्या कपड्यात जा. करवंटीचं अवाक्षर काढू नका. सिनेमात तांब्या आहे म्हणता ना? करवंटी फक्त तुम्हाला माहीत आहे, तशीच राहू द्या."

चार दिवस मी चाळीत फिरलो. वृंदावनाजवळ कावळ्यांसाठी पाणी भरलेली करवंटी अजूनही ठेवलेली असायची, ती न विचारताच दिसली. दोन्ही पंच, प्रेत बघणारी बाई, पहिल्यांदा धावलेले लोक, सगळ्यांना भेटलो. पानवाला पंच म्हणाला, "मला वाटलं त्या बाईनं ठेवलं." बाई म्हणाली, "मी कशाला हात लावीन बाबा? मला वाटलं मास्तरांनी." मास्तर म्हणाले, "मला वाटलं तुम्ही पोलिसांनीच. मनात म्हटलं, बघा, पोलीस पण चांगले असतात." पंचवीस माणसांनी ते पान बघितलं होतं आणि प्रत्येकाने ते दुसऱ्याच्या पुण्यात जमा केलं होतं. पहिल्यांदा पोचलेली बाई शपथेवर सांगत होती की ती आली तेव्हा पान ओठांवर होतं.

म्हणजे पाणी घातलं ते मारणाऱ्यानेच.

इकडे साहेबांनी जुने कागद काढले. शवविच्छेदनाच्या अहवालात जखमा तीन कोनी लिहिल्या होत्या. दादाकडून हस्तगत झालेला सुरा सपाट पात्याचा होता. दीड वर्ष दोन्ही कागद एकाच फाइलीत शेजारी शेजारी होते. कुणी वाचलेच नव्हते.

मग आम्ही अंधेरीला त्या सिनेमाच्या ऑफिसात गेलो. दिग्दर्शकाला वाटलं आम्ही मोर्चावाल्यांच्या तक्रारीवरून आलो. चहा आला, बिस्किटं आली. साहेबांनी पाण्याच्या दृश्याबद्दल विचारलं तसा तो फुलला.

"वो मेरा आयडिया है, सर. पूरा इंडिया रो रहा है उस पे."

"कुठून सुचलं?"

"बस, आ गया. वरून येतं असं."

साहेब म्हणाले, "बरं झालं तुम्हीच सांगितलंत. एका खुनात हुबेहूब असंच घडलं आहे आणि ते मारणाऱ्याशिवाय कुणाला माहीत असायचं कारण नाही. मग आता आमच्याबरोबर चला."

त्याचा कप बशीवर वाजला. कोपऱ्यात त्याचा सहायक बसला होता, मुलुंडचा मराठी मुलगा, त्याला हसू आवरेना. "सर, सांगून टाका ना. तो वॉचमन होता ना शेडचा, त्याचं होतं ते."

मग सगळं बाहेर आलं. त्या दिवशी नायक दोस्ताला मारून तसाच निघून जातो असा शॉट होता. शॉट झाला, टाळ्या झाल्या, हिरो दुसऱ्या शूटिंगला निघून गेला. बंद शेडचा रखवालदार बाजूला उभा होता. तो पुढे आला आणि म्हणाला, "असं नाय हो करत. आपल्या माणसाला असं तोंड कोरडं ठेवून सोडतात काय?" आणि खाली बसून त्याने करून दाखवलं. सेटवरचे लोक गप्प झाले. दिग्दर्शकाने तिथल्या तिथे कॅमेरा लावला. हिरो गेलेला, म्हणून हात रखवालदाराचेच घेतले.

"तांब्या त्यानेच मागितला?" मी विचारलं.

"नाही नाही," सहायक म्हणाला. "तो कसली तरी करवंटी शोधत होता. सर म्हणाले करवंटी भिकारडी दिसते, पितळेचं काहीतरी आणा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी वहीत 'करवंटी' लिहिलं आणि खाली रेघ मारली.

रखवालदाराचं नाव विचारलं तेव्हा कळलं, तो मयताचा मेहुणा. ज्याने दादाविरुद्ध जबाब दिला आणि अग्नीही दिला, तोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून आला. सिनेमाबद्दल काही विचारायचं आहे असा निरोप होता, त्याला भीती नव्हती. साहेबांनी दार लावून घेतलं आणि मला म्हणाले, "तुम्ही विचारा. हात लावायचा नाही." माझ्या नोकरीत पहिल्यांदाच मला कुणी आरोपीची चौकशी करायला सांगितलं होतं.

मी त्याला पाणी दिलं. सिनेमा बघितला का विचारलं.

"नाय बघूक, हवालदारानू. लोक सांगतत माझे हात दिसतत म्हणून."

"दिसतात. लोक रडतात."

तो जरा हसला. हातावर हात ठेवून बसला. त्या तर्जनीकडे मी बघत होतो.

"सिनेमात तांब्या आहे," मी म्हणालो. "तुम्ही करवंटी का मागत होता?"

"तांब्यो खंय असता अशा जागेर? करवंटीच गावता."

"कुठल्या जागेवर?"

तो बोलायचा थांबला. बाहेर कुणीतरी टाइप करत होतं, तेवढाच आवाज. मी घाई केली नाही. साहेबही हलले नाहीत. मग मी हळूच म्हणालो, "वृंदावनाजवळ करवंटी होती. कावळ्यांसाठी पाणी भरून ठेवलेली. त्या वेळी नळाला पाणी नसतं. प्रेताजवळ पालथी पडलेली मी बघितली होती ती. मी लिहिली नाही एवढंच."

त्याने डोळे मिटले. मग एकदम बोलायला लागला, आवाज न चढवता.

"माझी भयण बावीत पडाक नाय, हवालदारानू. तेनी ढकलल्यान. गावचे पोलीस इले, पाय घसारलो म्हणान लिवल्यानी. माका वरसान कळला. तेणांच दारू पिऊन सांगल्यान, हसत हसत."

"मग पाणी का घातलं?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी अडाण्यासारखं विचारलं.

"तो आमचो जावय होतो. आमच्या दारात तेचे पाय धुतलेले आसत. मारूचो होतो तो मारलंय. पण सुक्या तोंडान कसो धाडू?"

"आणि दादा? तो दीड वर्ष आत आहे. त्याला फाशी झाली असती."

"दादान कोणाचा भलां केल्यान?" तो म्हणाला. मग खाली बघून, "तेची बायको दिसता कधी कधी बाजारात. मी वाट बदलतंय."

पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही. पण त्याने दाखवलेली वस्तू चालते. त्याने आम्हाला साकीनाक्याच्या त्याच शेडमध्ये नेलं. सिनेमासाठी भिंतींना दिलेला खोटा काजळीचा रंग अजून होता. एका मशिनच्या पायाखालच्या खाचेतून त्याने तेलकट बोळ्यात गुंडाळलेली तीन कोनी कानस काढली, टोक घासून धारदार केलेली. साठ-सत्तर लोकांचं युनिट कित्येक महिने तिच्यावरून चालत होतं. रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात तिच्यावर माणसाचं रक्त आलं. तो पंचनामा मी लिहिला. बोळ्याचा वास कशाचा येतो तेही लिहिलं.

पुढचं थोडक्यात. साहेबांनी न्यायालयाला पुरवणी अहवाल दिला. वरून फोन आले, आपल्याच ठाण्याची अब्रू कशाला काढता म्हणून. सपाट सुऱ्याचा पंचनामा करणारे फौजदार चौकशीत अडकले. साहेबांची वर्षाच्या आत बदली झाली, दूर, न आवडणाऱ्या जागी. मला लेखी ताकीद मिळाली. साहेबांनी मनात आणलं असतं तर माझी नोकरी गेली असती. त्यांनी शेऱ्यात लिहिलं की चूक कर्मचाऱ्याने स्वतःहून उघड केली. ते आज नाहीत. त्यांच्यामुळे माझी मुलं शिकली, हे मला कधी नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगतो. मेहुण्याला जन्मठेप झाली. सिनेमाने रौप्यमहोत्सव केला. श्रेयनामावलीत त्या हातांना नाव नव्हतं.

नंतर मी जमादार झालो, निवृत्त होताना खांद्यावर एक स्टार होता. नव्या पोरांना मी एकच शिकवत आलो. घटनास्थळी चांगली दिसणारी गोष्ट जास्त बारकाईने बघा. वाईट गोष्ट कोणी केली हे सगळेच विचारतात. चांगली कोणी केली हे कुणी विचारत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने केली असेल. आणि जे दिसेल ते लिहा. आपल्याला त्याचा अर्थ लागो न लागो. गावच्या त्या विहिरीवर कुणी नीट लिहिलं असतं तर पुढची दोन घरं, मेहुण्याचं आणि दादाचं, बुडाली नसती, हेही मला त्या खोलीत कळलं.

दादा सुटला त्या दिवशी मी कोर्टात होतो. तो अर्धा झाला होता, एक पाय ओढत चालत होता. तो पाय आमच्याकडे आल्यावर तसा झाला. बायको त्याचा दंड धरून होती. मी पुढे झालो. माफी मागावी असं मनात होतं, पण वर्दीत ते शब्द येत नाहीत.

दादाच म्हणाला, "हवालदार, हिने सांगितलं मला. तुम्ही पिक्चर बघितला म्हणून मी सुटलो."

"हो."

"त्या दिवशी तुमची ड्युटी बाहेर गेटवर असती तर?"

मी टोपी काढून हातात घेतली. त्याने तिच्याकडे बघितलं. मग बायकोला म्हणाला, "चल गं," आणि दोघं सावकाश पायऱ्या उतरून गेली.